विषमज्वरातील सांधेदुखी : काही ज्ञातव्य बाबी

पावसाळ्यात ताप व सांधेदुखी अशा दोन्ही तक्रारी असलेले रुग्ण आम्ही दरवर्षी पाहतो. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तेव्हापासून अशा दुखण्यास ‘चिकुनगुन्याच असणार’ असे पुष्कळदा घरीच ठरविले जाते. या समजुतीमुळे विषमज्वराचे, म्हणजेच टायफॉइडचे, निदान लांबू शकते.

साल्मोनेला टायफी हे जंतू दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जातात आणि आतड्यातून रक्तात शिरतात. शरीर त्यांचा प्रतिकार करीत असताना जी दाहक द्रव्ये निर्माण होतात, त्यांमुळे ताप येतो आणि काही रुग्णांचे स्नायू व सांधेही दुखतात. हे सांधे ठणकतात, परंतु सहसा सुजत नाहीत. चिकुनगुन्यात ताप एकाएकी चढतो व सांधेदुखी तीव्र असते. विषमज्वरात बहुधा ताप दिवसागणिक वाढत जातो. डोकेदुखी, पोटदुखी, अरुची, बद्धकोष्ठ किंवा जुलाब ही लक्षणे सोबत असतात. तथापि केवळ लक्षणांवरून निदान निश्चित करता येत नाही.

एखादाच सांधा सुजून लाल व गरम झाला, तर त्यात जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. सिकलसेलच्या रुग्णांत साल्मोनेला जंतू हाडांत शिरण्याचा धोका अधिक असतो. विदर्भ व नंदुरबार भागांतील कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

विडाल चाचणी १८९६ पासून प्रचारात असली, तरी तिच्या एकाच अहवालावर विसंबणे योग्य नव्हे. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घेतलेल्या रक्ताचे कल्चर अधिक भरवशाचे असते. त्याच्या अहवालास काही दिवस लागतात; परंतु कोणते औषध लागू पडेल, हे त्यावरूनच कळते.

सांधे दुखतात म्हणून वेदनाशामक किंवा स्टेरॉइडची इंजेक्शने परस्पर घेऊ नयेत. त्यांनी ताप झाकला जातो, मूळ आजार मात्र वाढतच राहतो. उपचारांवाचून दोन-तीन आठवडे गेल्यास आतड्यातून रक्तस्राव होऊ शकतो वा आतड्यास छिद्र पडू शकते. ताप उतरला तरी औषधांचा क्रम पूर्ण करावा.

नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली बालकांसाठी टायफॉइडच्या संयुग्मित लसीची मोहीम राबविली. लसीबरोबरच उकळलेले पाणी व साबणाने धुतलेले हात यांचे महत्त्व कायम आहे.

पैशाअभावी कोणाचेही कल्चर राहू नये, ही आमची इच्छा आहे. दात्यांचे साहाय्य अशा ठिकाणी थेट रुग्णाच्या प्राणरक्षणास उपयोगी पडते, हे आम्ही येथे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.