फ्युजनच्या वाटेला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

‘ही वीज आमच्या मुलीच्या हयातीत तरी येईल का?’ फ्युजनमध्ये, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या क्षेत्रात, करिअर करायचं म्हटलं की पालक हे विचारतात आणि त्यांची काळजी रास्त आहे. दोन दशकांत ही ऊर्जा काबूत येईल, असं भाकीत डॉ. होमी भाभांनी १९५५ साली जिनिव्हात केलं होतं. अजून एकही फ्युजन केंद्र घराघरात वीज देत नाही. पण वीज कधी येणार आणि मुलीला काम मिळणार का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ते काम नेमकं काय असतं? फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘ईटर’ या फ्युजन यंत्रात प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, १५ कोटी अंशांपर्यंत तापवायचा आहे. एवढी उष्णता कोणतंच भांडं सोसणार नाही, म्हणून प्लाझ्माला चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरायचं. ते क्षेत्र निर्माण करणारी अतिसंवाहक वेटोळी मात्र उणे २६९ अंशांवर ठेवायची, तीही काही मीटरच्या अंतरावर. असं यंत्र आखताना भौतिकशास्त्रज्ञाला संगणकावरची गणितं येऊन भागत नाही. व्हॅक्यूममधली गळती हेलियम सोडून शोधावी लागते, वेल्डिंगही समजून घ्यावं लागतं. काही सेकंदांच्या प्रयोगामागे महिनोन् महिन्यांची तयारी असते. हे काम भारतातही होतं: ईटरच्या सात भागीदारांत भारत आहे आणि ईटरचा अवाढव्य क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राला थंड ठेवणारं बाहेरचं कवच, गुजरातमधल्या हजिऱ्याच्या कारखान्यात घडला.

हीच कौशल्यं पुढे पोटापाण्याला उपयोगी पडतात. चिपनिर्मितीत प्लाझ्मा लागतो. गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या हिंगोलीच्या लायगो प्रकल्पाच्या व्हॅक्यूम यंत्रणेची जबाबदारीही गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आहे.

वाट लांब आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. भौतिकशास्त्रात बीएससी, ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा देऊन एमएससी, मग ‘जेस्ट’ ही परीक्षा आणि पीएचडी. तोवर तिशी जवळ येते. २०२३पासून ज्युनियर रिसर्च फेलोशिप दरमहा ३७,००० रुपये आहे. त्यात एका माणसाचं भागतं, घरचं कर्ज फिटत नाही. कर्ज डोक्यावर असेल तर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल इंजिनीअर होऊन या क्षेत्रात शिरणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. अशा प्रकल्पांना इंजिनीअरही मोठ्या संख्येनं लागतात.

निर्णय घाईनं घेऊ नका. गांधीनगरची संस्था एमएससी आणि इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कार्यक्रम घेते. मुलगी त्या टप्प्यावर असेल तर तिला अर्ज करू द्या.