तीन ताराबाई

तारा हे महाराष्ट्रातील घरोघरचे नाव. इतिहासात मात्र या नावाच्या तीन स्त्रिया तीन निरनिराळ्या शतकांत कर्तृत्वाने गाजल्या. नामसाम्यामुळे विद्यार्थ्यांचा घोटाळा होऊ नये, यासाठी त्यांचा परिचय एकत्र करून देणे उपयुक्त ठरेल.

राज्याची धुरा

पहिल्या महाराणी ताराबाई. सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या त्या कन्या. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले, तेव्हा त्या अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या. बालपुत्र शिवाजी यास गादीवर बसवून त्यांनी कारभार हाती घेतला. औरंगजेब गडकिल्ल्यांना वेढे घालीत असता मराठी फौजा माळवा-गुजरातपर्यंत धडका देत होत्या. १७०७ मध्ये बादशहा दख्खनमध्येच मरण पावला. मराठ्यांचे राज्य टिकून राहिले.

लेखणीचा सवाल

दुसऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या तरुण विधवेस भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीला दूषणे देण्यात आली. त्यास उत्तर म्हणून ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. महात्मा जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू उचलून धरली. पुढे विस्मृतीत गेलेला हा निबंध स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणला.

अंगणातील शाळा

तिसऱ्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांचे कार्य पालघर परिसराला सर्वांत जवळचे. पालघर व बोईसर यांच्या दरम्यान असलेल्या उमरोळीहून याच लोहमार्गाने उत्तरेकडे गेले असता घोलवड स्थानक लागते. तेथून जवळच असलेल्या बोर्डी येथे त्यांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. लहान भावंडे सांभाळणारी व गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे त्यांनी पाहिले. तेव्हा मूल जेथे असेल तेथे शाळेने जावे, या विचारातून वस्तीवरची अंगणवाडी साकारली. गुराख्यांसाठी कुरणशाळाही निघाली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ यांनी ते अखेरपर्यंत सांभाळले. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले.

हजेरीपटातील नाव

उमरोळीसारख्या गावाच्या हजेरीपटात आजही एखादी तारा असेल. तिच्या नावापुढे सलग काही दिवस गैरहजेरी लागली, तर ती कोणाचे मूल सांभाळते, कोणाची गुरे राखते किंवा आईवडिलांबरोबर कोणत्या कामावर गेली आहे, याची चौकशी शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी तिच्या घरी जाऊन करावयास हवी. ताराबाई मोडकांची अंगणवाडी अशीच मुले शाळेत का येत नाहीत, हे पाहण्यातून साकारली होती.