पितळखोऱ्याला जाताना अत्तर नको

पितळखोऱ्याची लेणी बघायला जायचं ठरलं असेल, तर त्या दिवशी अंगाला अत्तर लावू नका, परफ्यूम मारू नका, केसांना वासाचं तेल चोपडू नका, गजरा तर मुळीच माळू नका. लेण्यांची माहिती कुठल्याही पुस्तकात मिळेल, ही गोष्ट मिळत नाही, म्हणून ती सगळ्यात आधी सांगते.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला आणि अजिंठ्याला जाणाऱ्यांची रीघ असते. पितळखोऱ्याकडे वळणारे फार थोडे. कन्नड ओलांडून चाळीसगावच्या रस्त्यानं कालीमठाकडे आत शिरायचं, पठार जिथे अचानक तुटतं तिथे गाडी उभी करायची आणि पायऱ्यांनी दरीत उतरायचं. भोवती सातमाळ्याचे डोंगर, सालई, अंजन, पळसाचं रान. १९८६ साली जाहीर झालेलं गौताळा-औट्रम घाट अभयारण्य ते हेच, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. बिबट्या इथला कायमचा रहिवासी. २०२१ साली वनखात्याच्या कॅमेऱ्यात वाघही टिपला गेला. पण उतरणाऱ्यानं धसका घ्यायचा तो बिबट्याचा नव्हे. मान वर करून कड्याच्या पोटाकडे बघायचं. तिथे आग्या मोहोळं लटकलेली असतात. एकेक मोहोळ हातभर लांब, वरून काळंभोर. जरा वेळ टक लावून पाहिलं की त्या काळ्या पृष्ठभागावरून एक लाट सरकत गेलेली दिसते. हजारो माश्या एकापाठोपाठ एक अंग उचलतात, त्याची ती लाट. त्यांना आपण दिसलो आहोत, असा त्याचा अर्थ धरावा आणि आवाज खाली आणावा.

आम्ही गेलो तो हिवाळ्यातला रविवार होता. मी, माझे मेव्हणे आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी, म्हणजे माझी भाची. चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची जी ओळ आहे, तिच्यापुढे आम्ही बराच वेळ रेंगाळलो होतो. हत्ती समोरून कोरलेले आहेत, पाठीवरच्या झुलीसकट. शेजारच्या दाराशी भाला आणि ढाल घेतलेले दोन द्वारपाल उभे आहेत. अंगरख्याच्या चुण्यासुद्धा अजून मोजता येतात. भाची त्यांची चित्रं वहीत काढत बसली होती.

खाली ओढ्याकाठी एका टोळक्यानं बट्ट्या भाजायला गोवऱ्या पेटवल्या. वरण-बट्टीचा बेत आमच्याकडे कुठल्याही सहलीला शोभून दिसतो, पण ही दरी घोड्याच्या नालासारखी आहे. वारा धूर बाहेर नेत नाही, कड्याला लावून वर चढवतो. आधी घोंघावणं बदललं. दिवसभर कानाआड पडलेला आवाज एकदम जवळ आणि चढा झाला. लेण्यांवरचा पहारेकरी आमच्यासोबत होता, त्याला ते सगळ्यात आधी कळलं. ‘‘ताई, ओढणी तोंडावर घ्या. हात हलवू नका, ओरडू नका. आत चला, मागच्या खोलीत,’’ असं म्हणत त्यानं आम्हाला विहाराच्या आतल्या, भिक्षूंच्या अंधाऱ्या खोलीत ढकललं. अंधारात माशी सहसा शिरत नाही, असं त्याचं म्हणणं. आमच्यामागे चार-दोन शिरल्याच, पण बाहेर जे माजलं होतं त्यापुढे ते काहीच नव्हतं. ओढ्याकडची पोरं हात झाडत, किंचाळत पळत होती आणि जो जास्त हात झाडेल त्याच्यावर माश्या जास्त तुटून पडत होत्या.

मला आणि मेव्हण्यांना थोडे डंख बसले. भाचीला मात्र गळ्याशी आणि कानामागे, नेमका परफ्यूम मारला होता तिथेच, कितीतरी जास्त. थोड्या वेळानं तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला आणि ती म्हणाली, ‘‘मावशी, घसा आवळतोय गं.’’

इथून पुढचं नीट वाचा. डंखाच्या जागी सूज, आग, ठणका हे सगळ्यांनाच होतं आणि ते उतरतं. पण डंख सोडून इतरत्र अंगावर गांधी येणं, ओठ-जीभ सुजणं, श्वासाला घरघर लागणं, चक्कर, उलटी यांतलं काहीही दिसलं तर ते दुखणं वेगळं. त्याला घरगुती उपाय नाही. अॅड्रेनलिनचं इंजेक्शन हाच उपाय, तोही लवकरात लवकर. आमच्या फोनला खाली रेंज नव्हती. पहारेकऱ्यानं आणि मेव्हण्यांनी तिला दोन्ही बाजूंनी उचलून पायऱ्या चढवल्या, गाडीत आडवी निजवली आणि कन्नडच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं आणि बरं वाटू लागल्यावरही रात्रभर ठेवून घेतलं, कारण असा झटका काही तासांनी पुन्हा येऊ शकतो. लेक बरी वाटतेय म्हणून घाईनं घरी नेऊ नका.

चुना लावा, लिंबू चोळा, लोखंड घासा असं सांगणारे वाटेत दहा जण भेटतात. त्यांचं मन चांगलं असतं, पण त्यात वेळ जातो. आधी माश्यांच्या टप्प्यातून बाहेर पडा. डंख मारला की माशीचा काटा कातडीतच राहतो आणि त्याच्या वासावर बाकीच्या माश्या धावून येतात. बाहेर पडलात की काटा नखानं, कार्डाच्या कडेनं, जमेल तसा ताबडतोब काढा. पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाची. मग साबणानं धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा. पळायचं झालं तर सरळ रेषेत, तोंड झाकून, गाडी किंवा बंद खोली येईपर्यंत. पाण्यात उडी घेऊ नका, माश्या वर घिरट्या घालत राहतात. ज्यांना पूर्वी मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून त्रास झाला असेल, त्यांनी जाण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. आणि १०८ ला फोन लावायचा तर रेंज पठारावर आल्यावर मिळेल, हे धरूनच चाला.

त्यानंतर काही ओळखीच्यांनी मला विचारलं, की ती मोहोळं जाळून का टाकत नाहीत? मला हे अजिबात पटत नाही. या रानातल्या झाडांचं फळणं या माश्यांवर आहे. पावसाळा ओसरून फुलोरा आला की त्या याच कड्यांवर परत येतात. आपण तासाभराचे पाहुणे आहोत. अभयारण्यात आग लावायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंच मनाई आहे. तेवढं एक जरी पाळलं असतं, तर त्या दिवशी कुणालाच काही झालं नसतं. उदबत्ती, मेणबत्ती, विडी, ढोल, ड्रोन, कड्यावर दगड मारून प्रतिध्वनी ऐकण्याची हौस, हे सगळं पठारावरच ठेवून खाली उतरावं. बुद्धवंदना करायची असेल तर हात जोडून, हलक्या आवाजात करता येते. हे स्थान त्यासाठीच कोरलं गेलं.

अत्तर लावू नका म्हणते तेव्हा मला दरवेळी मित्रदेव आठवतो. तिसऱ्या लेण्यातल्या, म्हणजे चैत्यगृहातल्या एका खांबावर लेख आहे, की हा खांब पैठणच्या गंधिक घराण्यातल्या मित्रदेवाचं दान. सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारं हे घराणं, गाव गोदाकाठचं, आणि दान इथे, या दरीत. चौथ्या लेण्यात मगिल नावाच्या राजवैद्याच्या दानाचे लेख आहेत. इसवी सनापूर्वीच्या त्या काळात पैठणच्या पेठेतला पैसा या कड्यापर्यंत पोचत होता. भाचीला मी हे दवाखान्यातच सांगितलं आणि तिला ते लेख पाहायला पुन्हा जायचं आहे.

पावसाळ्यात मात्र मी तिला नेणार नाही. धबधबा सुंदर दिसतो हे खरं. पण हा दगड थराथरांचा आणि ठिसूळ आहे; कितीतरी लेण्यांचे दर्शनी भाग त्यामुळेच ढासळले. भिजलेल्या कड्याखाली थांबू नये. पठारावर कोसळलेला पाऊस ओढ्याला मागाहून येतो, तेव्हा आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी ओढा चढू शकतो, आणि शेवाळलेल्या दगडांवर पाय ठरत नाही. पाण्याची ही ओढ लेणं खोदणाऱ्यांनाही माहीत होती. पायऱ्यांशेजारी पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे, तो डोंगरातून झिरपणारं पाणी बाहेर काढणाऱ्या चरीच्या तोंडाशी. तो चुकवू नका, घाईत बहुतेक जण त्याच्या बाजूनं निघून जातात.

चाळीसगावकडून पाटणादेवीला जाऊन तिथून रानवाटेनं वर चढणारेही आहेत. गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय ही वाट धरू नये, आणि अंधार पडायच्या आत परतावं. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांनी संभाजीनगरातच, बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातली लेणी पाहावीत. चढ तिथेही आहे, पण गाडी जवळपर्यंत जाते आणि दवाखाना हाकेवर आहे. माश्यांचं मात्र तिथेही बघून घ्या. तिकीटघरावर विचारलं की सांगतात. दिल्लीला जाणं झालं तर राष्ट्रीय संग्रहालयात पितळखोऱ्याचा यक्ष आहे. डोक्यावर पात्र धरलेला, बुटका, हसरा. त्याच्या हातावर तो घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव कोरलं आहे, तेही वाचून या.