कवड्या आणि मण्यार : ओळख नसल्याची किंमत

मराठीत ‘साप म्हणून भुई धोपटणे’ असा एक वाक्प्रचार आहे. धोका नसताना उगाच केलेल्या आटापिट्याला उद्देशून तो वापरतात. प्रत्यक्षात आपल्या खेड्यांत भुई कमी आणि सापच अधिक धोपटला जातो. काठी टाकल्यानंतर तो साप कोणता होता हे पाहण्याची गरज क्वचितच कोणाला वाटते. मारला म्हणजे तो विषारीच असणार, असे गृहीत धरले जाते. मारणाऱ्याचे कौतुक होते, साप जाळला किंवा पुरला जातो आणि प्रकरण मिटते.

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. माणसाचा प्राण घेऊ शकणाऱ्या जाती त्यांत थोड्या, आणि आपल्या घराशेतांत सर्वाधिक मृत्यूंना कारणीभूत ठरणारे साप चारच : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. शाळेत ही चार नावे आपण पाठ करून घेतो. परंतु या चौघांशी साम्य असलेल्या बिनविषारी सापांची नावे मात्र फारशी कोणी शिकवीत नाही. खरा घोळ तिथेच आहे.

त्यातला सर्वांत दुर्दैवी जीव म्हणजे कवड्या. तपकिरी अंग, त्यावर पांढरट-पिवळसर आडवे पट्टे, चपटे डोके, लांबी हात-दीड हात. भिंतीवर चढण्यात हा पटाईत असतो, कारण पाली हे त्याचे आवडते खाद्य. पालींच्या मागे तो घरात, वळचणीला, न्हाणीघरात, दिव्याच्या बटणापर्यंत पोहोचतो. निवासी शाळेत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात रात्री ‘मण्यार! मण्यार!’ अशी आरोळी उठते आणि कंदील-बॅटऱ्या घेऊन जाऊन पाहावे, तर बहुतेक वेळा भिंतीच्या कोपऱ्यात कवड्याच अंग चोरून बसलेला असतो.

दोघांतील फरक शांतपणे पाहिल्यास कठीण नाही. मण्यार काळीभोर, निळसर झाक असलेली आणि चकचकीत असते. तिच्या अंगावरील पांढरे पट्टे बारीक असून बहुधा जोडीजोडीने असतात. ते मानेजवळ अस्पष्ट किंवा अजिबात नसतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे नेमके उलट : पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढच्या भागात ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरून षटकोनी आकाराच्या मोठ्या खवल्यांची एक रांग जाते, तशी कवड्याला नसते. अर्थात, मण्यारीच्या पिल्लांत पट्टे पुढच्या भागातही दिसतात, आणि अंधारात घाबरलेल्या माणसाला खवले मोजता येत नाहीत. म्हणून ही ओळख सापाला हात लावण्यासाठी नव्हे. ती आहे चार हात लांब उभे राहून काठी खाली ठेवण्यासाठी. शंका असेल तेथे साप विषारीच समजावा, दूर राहावे. पण दूर राहणे आणि ठेचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्राणिशास्त्राचे अभ्यासक असे मानतात की, विषारी सापासारखे दिसणे हे अशा बिनविषारी जिवांचे संरक्षक कवच आहे. शिकारी पक्षी व प्राणी फसतात आणि दूर राहतात. माणूसही फसतो, परंतु तो दूर राहत नाही, काठी घेऊन येतो. निसर्गाने जे कवच दिले तेच आपल्या अंगणात त्याच्या मृत्यूचे कारण होते.

इतर जोड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. घोणस (विदर्भात हिला परड म्हणतात) आणि डुरक्या घोणस यांच्या नावातच गोंधळ आहे. विषारी घोणशीचे डोके त्रिकोणी, अंगावर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा आणि डिवचल्यास कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार. डुरक्याचे डोके मानेपासून वेगळे दिसत नाही, ठिपके वेडेवाकडे, शेपूट आखूड व खरखरीत. येथे उलट चूकही होते, आणि ती जीवघेणी असते : अजगराचे पिल्लू समजून घोणस उचलणारे तरुण रुग्णालयात येतात. कोकणात व माळरानावर फुरसे समजून मांजऱ्या मारला जातो. मांजऱ्याचे विष सौम्य असते, माणसाला त्यापासून धोका नाही. दिवड पाण्यातली, चिडकी आणि चावरी, पण निर्विष. मांडूळ तर दुतोंडी म्हणून एकीकडे मारले जाते आणि दुसरीकडे गुप्तधनाच्या लोभाने लाखांच्या बोलीवर चोरून विकले जाते.

धामणीविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे. भाषेने धामणीला स्त्रीलिंगी आणि नागाला पुल्लिंगी ठरवले, त्यावरून धामण ही नागाची मादी अशी समजूत रूढ झाली. धामणींत नरही असतात, नागांत मादीही असते. दोन साप एकमेकांना वेटोळे घालून उभे राहिलेले दिसले की लोक नाग-धामणीचे मीलन म्हणून हात जोडतात किंवा त्यावर कापड टाकतात. बहुधा ती दोन नर धामणींची झुंज असते. धामण गायीचे पाय बांधून दूध पिते, ही दुसरी कथा. सापाच्या तोंडाची रचना चोखण्यासाठी नाही आणि त्याचे आत वळलेले दात सडाला लागले तर गाय उभी राहील काय, एवढा विचार गोठ्याच्या मालकाने करावा. वर्षभर कणगीतले उंदीर खाणारी धामण हाच मालक मारतो आणि दुसऱ्या दिवशी उंदराचे औषध आणायला बाजारात जातो.

साप डूख धरतो, त्याच्या डोळ्यांत मारणाऱ्याची छबी उमटते, म्हणून मारल्यावर डोके ठेचावे, असेही सांगितले जाते. सूड धरण्याइतकी स्मृती सापाला नाही. चित्रपटांनी ही समजूत जेवढी पसरवली तेवढी आजीबाईंनीही पसरवली नसेल.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला या प्रश्नाची एक वेगळी बाजू दिसते. विषारी कोण आणि बिनविषारी कोण, हा प्रश्न राज्यकर्त्यांनाही पडला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वैद्य व निसर्ग-अभ्यासक पॅट्रिक रसेल याने कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांवर १७९६ साली सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. घोणशीला इंग्रजीत त्याचेच नाव मिळाले. १८७२ साली जोसेफ फेअरर या डॉक्टरने भारतातील विषारी सापांवर मोठा ग्रंथ काढला. त्यातील रंगीत चित्रे कलकत्त्याच्या कलाशाळेतील भारतीय चित्रकारांनी काढली होती. म्हणजे ओळख पटवण्याचे साधन तयार होते. पण ते साहेबांच्या कपाटात राहिले, आणि गावोगाव पोहोचले ते सापाच्या डोक्यामागे मिळणारे बक्षीस.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे. विडाल नावाच्या सनदी अधिकाऱ्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नोंदवले आहे की, एका फुरशामागे काही पैंचे बक्षीस असताना सहा वर्षे दरवर्षी सरासरी सव्वादोन लाखांहून अधिक फुरशी मारली गेली. आकडा वाचून छाती दडपते. परंतु एवढ्या ढिगातील प्रत्येक डोके कचेरीतील कारकुनाने तपासून घेतले असेल काय, आणि त्यांत मांजऱ्याची व इतर निरुपद्रवी सापांची डोकी किती असतील, हा प्रश्न मला सुटत नाही. भुकेल्या माणसाला साप निवडून मारण्याची चैन परवडत नाही. (दिल्लीत बक्षिसासाठी लोकांनी नाग पाळले, ही कथा आज सर्वत्र सांगितली जाते. तिला समकालीन पुराव्याचा भक्कम आधार आढळत नाही. विद्यार्थ्यांनी ती इतिहास म्हणून सांगू नये.)

येथवर वाचून कोणी म्हणेल, चार साप चुकून मेले तर एवढे काय बिघडले? माणसे मरतात त्याचे पाहा. मी त्याकडेच येत आहे. सापाची ओळख नसण्याची किंमत साप एकटा देत नाही.

एका खेड्याची कल्पना करा. तेथे वर्षभरात दहा जणांना साप चावतो. त्यातले बहुतेक साप कवड्या, दिवड, धामण, तस्कर अशांपैकी असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष टोचले जातेच असे नाही. हे सारे लोक मांत्रिकाकडे जातात. तो कडुनिंबाचा पाला खायला देतो, मंत्र पुटपुटतो, पाठीला थाळी चिकटवतो. सारे बरे होतात, कारण त्यांना काही झालेलेच नसते. गावात बोलबाला होतो : बुवाच्या हाताला गुण आहे. मग एके रात्री जमिनीवर झोपलेल्या बाईला खरी मण्यार चावते. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही धड दिसत नाहीत. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते. घरचे तिला त्याच बुवाकडे नेतात. श्वासाचे स्नायू लुळे पडेपर्यंतचे मोलाचे तास त्या ओट्यावर जातात. म्हणजे बुवाची कीर्ती बिनविषारी सापांनी उभी केली, आणि त्या कीर्तीचा बळी ती बाई ठरली. ज्या गावाला कवड्या ओळखता येतो, त्या गावात बुवाचा धंदा चालणे अवघड आहे.

‘दोन खुणा असल्या तर विषारी, अर्धवर्तुळाकार रांग असली तर बिनविषारी’ हा नियम अनेक जुन्या तक्त्यांवर छापलेला दिसतो. तो विसरलेला बरा. कवड्याचे पुढचे दात मोठे असल्याने त्याच्या चाव्याच्याही ठळक खुणा उमटू शकतात, आणि मण्यारीच्या खुणा शोधून सापडत नाहीत. जखमेवरून घरच्या घरी निकाल देऊ नये.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मरण पावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित आजारांच्या यादीत केला. ‘उपेक्षित’ हा शब्द येथे अचूक आहे. हे मृत्यू कोणाच्या घरी होतात? उसाच्या फडात कोपी करून राहणाऱ्यांच्या, अनवाणी भात लावणाऱ्यांच्या, खाटेअभावी भुईवर वाकळ टाकून झोपणाऱ्यांच्या. आपल्या शाळेत ज्या घरांतून मुले येतात, त्यांतील अनेक घरे हीच आहेत.

महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत सर्पदंशाचा स्पष्ट उल्लेख आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. आणि १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने सापांना संरक्षण दिलेले आहे. दोन्ही कायदे किती ग्रामसभांत वाचून दाखवले गेले, हे आपल्यापैकी जे सरपंच, ग्रामसेवक झाले आहेत त्यांनी तपासावे.

अंगुत्तर निकायात अहिराज सुत्त आहे. सर्पदंशाने एका भिक्खूचा मृत्यू झाल्यावर भगवान बुद्धांनी सापांच्या चार कुळांप्रती मैत्रीभाव ठेवण्यास सांगितले, असा त्यातील प्रसंग आहे. काही ठिकाणी या सुत्ताचाच विष उतरवणारा मंत्र म्हणून उपयोग होतो. बुवाला नाकारून सुत्ताला बुवाच्या जागी बसवणे हे कोणत्याही विवेकी उपासकाला शोभणारे नाही. मैत्री सापाशी ठेवावी. विषावर उपाय रुग्णालयातच करावा.

तो उपाय उपलब्ध आहे. घोड्यांच्या रक्तापासून तयार होणारे प्रतिविष वर सांगितलेल्या चारही सापांवर चालते. त्यासाठी लागणारे विष मोठ्या प्रमाणावर गोळा करते ती तमिळनाडूतील इरुळा आदिवासींची सहकारी संस्था. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडून कातडी विकणाऱ्या या समाजाचे ज्ञान आज देशाचे प्राण वाचवते, आणि २०२३ साली वडिवेल गोपाल व मासी सडैयन या इरुळा सर्पज्ञांना पद्मश्री मिळाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांकडे केवढे शास्त्र असू शकते, याचा हा पुरावा मी वर्गात आवर्जून सांगतो.

साप चावल्यास तो मारून सोबत नेण्याच्या नादी लागू नये. त्यात वेळ जातो आणि दुसऱ्याला दंश होतो. डॉक्टर उपचार ठरवतात ते लक्षणांवरून. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटांत गोठते की नाही, एवढ्या साध्या चाचणीनेही घोणस-फुरशाच्या विषाचा अंदाज येतो. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. मोडलेल्या हाडाला देतात तसा आधार देऊन तो अवयव स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये, १०८ वर दूरध्वनी करावा. घरात साप दिसल्यास वनविभागाचा १९२६ हा क्रमांक किंवा जवळचा सर्पमित्र. रात्री बाहेर पडताना बॅटरी, झोपताना कडा खाली खोचलेली मच्छरदाणी.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आता आपापल्या गावी शिक्षक, परिचारिका, आशा कार्यकर्त्या आहेत. त्यांना एकच काम सांगतो. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिविषाच्या कुप्या शिल्लक आहेत काय, रात्री डॉक्टर असतात काय, आणि कृत्रिम श्वासाचे यंत्र असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे विचारून घ्यावे व ते उत्तर शाळेच्या किंवा विहाराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. शेजारी कवड्या आणि मण्यार यांची चित्रे काढावीत.