अठ्ठावीस दिवसांचे वाचन

नवी पायवाट चार महिने कोणी चालले नाही, तर तिच्यावर गवत उगवते. नव्याने शिकलेल्या अक्षरांचेही तसेच आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. पुढे ती महाराष्ट्रभर गेली. थोर माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात शिकली. अशा वर्गांचा सगळीकडचा अनुभव एकच. वर्ग संपल्यावर ज्याच्या हाताला काहीतरी वाचायला लागले, त्याचे टिकले. ज्याच्या हाताला काहीच लागले नाही, तो हळूहळू पुन्हा अंगठ्यावर आला.

म्हणून या पाठात आपण एका महिन्याच्या वाचनाची आखणी करू. महिना घेऊ फेब्रुवारी. त्याचे दिवस २८, म्हणजे नेमके चार आठवडे. हिशेब सोपा.

आखणी करून वाचणे आपल्याला नवे नाही. गावात सप्ताह बसतो, तेव्हा ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय सात दिवसांत वाचून होतात. आज कुठवर जायचे, हे आधीच ठरलेले असते. तोच धडा आपण इथे घ्यायचा. फरक इतकाच की सप्ताहात ग्रंथ एक असतो, आणि आपण महिनाभरात तऱ्हातऱ्हांचे वाचणार आहोत. का? तर गोष्ट वाचता येणाऱ्याला सोसायटीचा कागद वाचता येईलच, असे नाही. भाकरी करता आली म्हणून पुरणपोळी जमते का? प्रत्येकीचा हात वेगळा.

चौघे-पाचजण मिळून पैज लावा. पण पैज पानांची नको, दिवसांची लावा. पाने मोजायला लागले, की माणूस पाने उलटतो, वाचत नाही. रोज अर्धा तास वाचायचे. ज्याचा एकही दिवस चुकला नाही, तो जिंकला. घरातली बाई पैजेत असेल, तर तो अर्धा तास तिला मिळाला पाहिजे. चुलीपुढून उठायला कोणी सवड दिली नाही, तर ती पैज कसली?

पहिला आठवडा, तारीख १ ते ७. या आठवड्यात पाठ असलेलेच वाचा. अभंग, आरत्या, भूपाळ्या. ओळखीचा शब्द डोळ्यांना लवकर सापडतो. पण इथे एक फसगत आहे. तोंड पुढे पळते आणि डोळे मागे राहतात. माणसाला वाटते, मी वाचतो आहे. खरे तर तो म्हणत असतो. म्हणून शब्दाखाली बोट धरा. सुरुवातीपासून वाचू नका. मधलीच एखादी ओळ काढा आणि तिथून वाचा.

याच आठवड्यात बहिणाबाई चौधरींची गाणीही घ्या. बहिणाबाई खानदेशातल्या शेतकरीण. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गाणी रचत. ती घरातल्या माणसांनी लिहून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या आणि १९५२ साली गाण्यांचे पुस्तक निघाले. आपल्या मालेगाव-बागलाणकडच्या लोकांना त्यांची बोली जवळची वाटेल. इतरांनी मोठ्याने वाचावी, म्हणजे कानाला अर्थ लागतो.

दुसरा आठवडा, तारीख ८ ते १४. हा आठवडा श्यामची आई या पुस्तकाचा. याच दिवसांत ते का, हेही सांगतो. साने गुरुजी स्वातंत्र्याच्या चळवळीत नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी ते लिहायला घेतले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे हातावेगळे केले. म्हणजे हे पुस्तक आपल्या नाशकात जन्मले आहे. पुस्तकात धडे नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा ४२ रात्री. एका बैठकीला एक रात्र, असे माप लेखकानेच करून दिले आहे.

आठवड्यात पाच रात्री पुरेत. त्यांत ‘श्यामचे पोहणे’ ही जरूर घ्या. श्याम पाण्याला भितो. पोहायला जायच्या वेळी लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर धाडते. पुस्तकाला भिणाऱ्या माणसाने ही गोष्ट वाचून पाहावी. गुरुजी मूळचे कोकणातल्या पालगडचे. तेव्हा काही शब्द आपल्याकडे बोलण्यात नसतील. शब्द अडला तर तिथे थांबून राहू नका. खूण करा आणि पुढे चला. दोन ओळींनंतर बहुधा अर्थ आपणच उघडतो.

तिसरा आठवडा, तारीख १५ ते २१. आता गोष्टी बाजूला ठेवा आणि कागद काढा. माझ्या मते हा आठवडा सगळ्यांत महत्त्वाचा.

पहिला कागद सातबारा. नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर, गट नंबर कोणता, क्षेत्र किती, हे असते. नमुना बारामध्ये पिके असतात. क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहितात. १०० आर म्हणजे १ हेक्टर. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. नावे वाचून झाली, की ‘इतर हक्क’ असे लिहिले आहे तिथे बोट ठेवा. जमिनीवर कर्जाचा बोजा असेल, तर तो तिथे दिसतो. कर्ज फिटले तरी बोजा तसाच लिहिलेला राहिला आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दुसऱ्याने वाचून दाखवलेला सातबारा आणि आपण वाचलेला सातबारा यांत फरक आहे.

मग वर्तमानपत्रातले बाजारभाव घ्या. लासलगावचा कांदा पाहा. तिथे आवक लिहिलेली असते. पुढे तीन भाव असतात, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. भाव क्विंटलचा, म्हणजे १०० किलोचा. नवा वाचणारा जास्तीत जास्त भावावर डोळा ठेवतो आणि घरून निघतो. तो भाव थोड्याच मालाला मिळालेला असतो. हिशेब सर्वसाधारण भावावर करावा.

द्राक्षाला, टोमॅटोला फवारायच्या औषधाचा डबाही वाचा. त्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. तांबडा म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याहून कमी पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला तरी ते विषच आहे. औषधाची मुदत कधी संपते, ती तारीख शोधा. हे अक्षर फार बारीक छापतात. छापणाऱ्याने आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचा विचार केलेला नाही. उन्हात धरून वाचा, पण वाचा.

चौथा आठवडा, तारीख २२ ते २८. आता थोडे लांब वाचन. लक्ष्मीबाई टिळकांचे स्मृतिचित्रे हे आत्मचरित्र घ्या. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्या शाळेत गेल्या नाहीत. लग्नानंतर नवऱ्याने त्यांना घरी लिहायला-वाचायला शिकवले. त्याच बाईंनी पुढे आपली हकीगत लिहिली आणि १९३४ पासून ती भागाभागांनी छापून आली. त्यात रुसणे, भांडणे, दुरावा, हसणे, सगळे आहे. भाषा ओट्यावर बसून बोलावे तशी. पुस्तक मोठे आहे, आठवड्यात संपणार नाही. रोज चार पाने वाचा.

२७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन. तो कवी कुसुमाग्रजांचा, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचा जन्मदिवस. ते १९१२ साली पुण्यात जन्मले, पण नाशिककर म्हणूनच जगले आणि १९९९ साली इथेच वारले. त्या संध्याकाळी पैजेतल्या सगळ्यांनी देवळाच्या ओट्यावर जमावे. महिनाभरात जे आवडले, त्यातले अर्धे पान प्रत्येकाने उभे राहून वाचावे.

पुस्तके आणायची कुठून? गावात वाचनालय असेल, तर अनामत भरून नाव घाला. शाळेच्या गुरुजींना विचारा. नाशिक शहरात सार्वजनिक वाचनालय आहे, ते १८४० सालचे. नाशिकच्याच कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम काढला. त्यात पुस्तकांची पेटीच लोकांच्या वस्तीत जाते. पाच घरांनी पाच पुस्तके आणली आणि फिरवली, तर तीही पेटीच झाली.

एक वही घाला. तिच्यात रोज तीन गोष्टी लिहा. तारीख, काय वाचले, कोणता शब्द अडला. अडलेले शब्द रविवारी सगळ्यांनी मिळून सोडवावे.

श्यामची आईच्या ५ रात्री झाल्या, ३७ उरल्या. त्या मार्चमध्ये घ्या. आणि २०२८ साली फेब्रुवारीला २९ दिवस येतील. त्या जादा दिवशी वाचन नको. त्या दिवशी लेकीला किंवा बाहेरगावी असलेल्या लेकाला पत्र लिहा.