शिदोरी कशी टिकते?

प्रवासास निघतांना जें अन्न आपण बरोबर घेतों, त्यास शिदोरी म्हणतात. पायीं प्रवासाच्या काळीं शिदोरी बांधण्याची विद्या प्रत्येक घरीं होती. आतां फ्रीजमुळें घरांतील अन्न टिकविण्याची चिंता पुष्कळ कमी झाली, आणि तिच्याबरोबर ती विद्याहि मागें पडली. परंतु आगगाडीच्या डब्यांत किंवा एस्. टी. च्या गाडींत फ्रीज नसतो. प्रत्येक स्थानकावर विकत घेऊन खावें म्हटलें, तर चारपांच माणसांच्या कुटुंबास तो खर्च जड जातो; आणि उघड्यावरचें अन्न बाधलें, तर परीक्षेस किंवा लग्नकार्यास निघालेलें मूल मुक्कामीं अंथरूण धरतें. म्हणून थोड्या पैशांत होणारी व एक-दोन दिवस सुरक्षित राहणारी शिदोरी कशी करावी, ह्याचा या लेखांत विचार करूं.

प्रथम अन्न नासतें म्हणजे काय होतें, तें पाहूं. हवेंत, पाण्यांत, भांड्यांवर आणि आपल्या हातांवर असंख्य सूक्ष्म जंतु असतात. ओलावा, अन्न आणि ऊब हीं तीन मिळालीं कीं ते झपाट्यानें वाढतात. अनुकूल स्थितींत कांहीं जातींचे जंतु सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात. सकाळीं ७ वाजतां भाजींत असा एकच जंतु होता असें धरा. दुपारीं २ वाजेपर्यंत ७ तास, म्हणजे २१ दुपटी झाल्या. एकाच्या २१ वेळां दुपटी करून पाहा. उत्तर २०,९७,१५२ येईल! ५ पासून ६० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता त्यांच्या वाढीस धोक्याची मानतात, आणि आपल्या उन्हाळ्यांतील प्रवासाचा डबा नेमका ह्याच मर्यादेंत असतो. ह्यास्तव शिजविलेलें ओलें अन्न दोन तासांहून अधिक वेळ तसेंच ठेवूं नये, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. वास आला नाहीं म्हणजे अन्न चांगलें, ही समजूत चुकीची आहे. कारण बाधा करणारे पुष्कळ जंतु वासानें किंवा चवीनें ओळखूं येत नाहींत.

हें ज्ञान फार जुनें नाहीं. निकोला आपेर नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें अन्न बाटल्यांत बंद करून त्या उकळत्या पाण्यांत ठेवण्याची रीति शोधिली, आणि तिच्याबद्दल त्याला इ. स. १८१० मध्यें फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. पण अन्न कां टिकतें, हें त्याला सांगतां आलें नाहीं. तें कारण पुढें सुमारें १८६० च्या सुमारास लुई पाश्चर याच्या प्रयोगांनीं उघड झालें. आमच्या आज्या-पणज्यांचेंहि असेंच होतें. रीति त्यांना पक्की ठाऊक होती. कारण आज शास्त्रानें आपल्यास दिलें आहे. दोन्ही हातीं असतां आपण त्यांचा उपयोग न करणें शहाणपणाचें नाहीं.

शिदोरीचा पहिला नियम असा कीं, पदार्थांत पाणी जितकें कमी, तितका तो अधिक टिकतो. ओल्या नारळाची चटणी दुपारपर्यंत आंबते. त्याच नारळाचें खोबरें वाळवून, भाजून केलेली चटणी कित्येक दिवस राहते. फळ एकच, फरक केवळ पाण्याचा. शेंगदाण्याची, तिळाची, कारळ्याची व जवसाची कोरडी चटणी, मेतकूट, भाजक्या पोह्यांचा चिवडा, भडंग, भाजलेले फुटाणे हे सर्व याच वर्गांतले. कोंकणांत सुकट किंवा जवळा चांगला भाजून कोरडी चटणी करितात, तिचेंहि मर्म हेंच. पाणी कमी करण्याची आणखी एक युक्ति आहे. गूळ, साखर आणि मीठ पुरेशा प्रमाणांत घातलें, तर तीं पदार्थांतील पाणी आपल्याकडे बांधून ठेवतात. पाणी असूनहि जंतूंच्या उपयोगी पडत नाहीं. म्हणून तिळाची वडी व गूळपोळी टिकते. दशमीचें पीठ पाण्याऐवजीं दुधांत भिजवितात. त्यांतील स्निग्धांशानें ती मऊ राहते, आणि दोन्ही बाजूंनीं खरपूस भाजल्यानें तिच्यांतील पाणी कमी होतें. मात्र दशमी चांगली भाजली पाहिजे. अर्धकच्ची दशमी पावसाळ्यांत लवकर बुरसते.

दुसरा नियम आंबटपणाचा. बहुतेक अपायकारक जंतूंस आम्ल मानवत नाहीं. लोणच्यांत आम्ल, मीठ आणि तेल अशी तिघांची पहारेदारी असते. येथें भाताविषयीं विशेष सांगितलें पाहिजे. तांदुळांतील एका जातीच्या जंतूंचीं बीजें शिजविल्यानेंहि मरत नाहींत. भात कोंबट राहिला कीं तीं रुजतात, आणि त्यांचें विष वांतीस कारण होतें. म्हणून साधा भात, खिचडी किंवा पुलाव दूरच्या प्रवासास नेऊं नये. दक्षिणेंत प्रवासास चिंचेचा भात नेतात, तो ह्या दृष्टीनें विचारपूर्वक निवडलेला आहे. तरी तोहि त्याच दिवशीं संपवावा.

तिसरा नियम स्वच्छतेचा. आणि याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. आपल्या नाकांत व कातडीवर राहणारे कांहीं जंतु हातांतून अन्नांत उतरतात, आणि अन्नांत वाढतांना विष तयार करितात. हें विष पुन्हां तापविल्यानेंहि नाहींसें होत नाहीं. तेव्हां बोटास जखम असेल त्यानें शिदोरी बांधूं नये. हात साबणानें धुवावे, डबे उकळत्या पाण्यानें विसळून पूर्ण कोरडे करावे, आणि चटणी ओल्या चमच्यानें कधीं काढूं नये.

आतां बांधण्याची रीति. घाईमुळें पोळ्या तव्यावरून थेट डब्यांत जातात. त्यांची वाफ झांकणास लागून पाणी होते, तें पाणी पोळ्यांवर गळतें, आणि पहिला नियम तेथेंच मोडतो. पोळ्या किंवा दशम्या स्वच्छ जाळीवर किंवा टोपलींत पसरून निववाव्या, मग स्वच्छ सुती फडक्यांत गुंडाळाव्या. कापड उरलेला ओलावा शोषून घेतें. कोरडे पदार्थ वेगळे, ओले वेगळे ठेवावे. आणि सर्व एका मोठ्या डब्यांत न भरतां एकेका जेवणाचा एकेक पुडा करावा. असें केल्यानें एकदां हात लागलेलें अन्न पुढच्या जेवणास उरत नाहीं.

उदाहरणार्थ, मुंबईहून नागपूरमार्गें हावड्यास जाणाऱ्या गाडीस एक दिवसाहून अधिक काळ लागतो. अशा प्रवासांत पहिलें जेवण निघाल्यावर लगेच, दोन तासांच्या आंत घ्यावें; बटाट्याची भाजी किंवा उकडलेलीं अंडीं द्यावयाचीं असतील तर तीं याच वेळीं. पुढील सर्व जेवणें दशम्या, कोरडी चटणी, गूळ आणि लोणचें यांचीं. मधल्या वेळीं चिवडा व फुटाणे. फळांत केळीं व संत्रीं उत्तम; त्यांचें वेष्टन निसर्गानेंच बांधून दिलेलें असतें. कापून ठेवलेलीं फळें, काकडी किंवा कांदा बरोबर घेऊं नये. पाणी घरचें, उकळून निवविलेलें असावें.

खर्चाचा अंदाज घरींच करितां येईल. एका माणसास एका दिवसास २५० ग्रॅम कणीक, ६० ग्रॅम शेंगदाणे व ५० ग्रॅम गूळ धरा. यांतून सुमारें १,३०० कॅलरी व ४० ग्रॅमांच्या आसपास प्रथिनें मिळतात. चौघांच्या कुटुंबास १ किलो कणीक, २४० ग्रॅम शेंगदाणे आणि २०० ग्रॅम गूळ पुरे. तुमच्या गांवच्या बाजारभावानें याची किंमत काढा, चिवडा व केळीं मिळवा, आणि चार माणसांच्या एका दिवसाच्या विकतच्या जेवणाशीं ताडून पाहा. हें गणित मुलांनींच आईवडिलांस करून दाखवावें.

एक गोष्ट पालकांपेक्षां विद्यार्थ्यांस सांगावयाची आहे. सहलीच्या वेळीं एखादा मुलगा सर्वांकडे पाठ करून जेवतांना दिसतो. त्याच्या फडक्यांत भाकरी आणि चटणी असते, शेजाऱ्याच्या हातीं दुकानांतील रंगीत पाकीट असतें. वर सांगितलेल्या नियमांनीं दोघांची परीक्षा केली, तर भाकरी चटणी कोठेंहि कमी पडत नाहीं. आईनें पहाटे उठून भाजलेली ती भाकरी लपविण्यासारखी वस्तु नव्हे. आणि ज्यांच्याजवळ पाकिटें आहेत, त्यांनीं त्या मुलास आपल्या पंगतींत ओढून आणावें; चटणी मागून घ्यावी, म्हणजे त्याचा संकोच आपोआप जाईल.

शेवटीं एक प्रयोग. एकाच पोळीचे तीन तुकडे करा. पहिला गरम असतांनाच कांचेच्या बरणींत घालून झांकण लावा. दुसरा पूर्ण निववून दुसऱ्या बरणींत ठेवा. तिसरा पुन्हां भाजून कडक करा, निववा आणि तिसऱ्या बरणींत ठेवा. बरण्यांवर दिवस व वेळ लिहून चार दिवस रोज सकाळीं बाहेरून पाहा व वहींत नोंद करा. झांकण उघडूं नका, चव तर मुळींच घेऊं नका. कोणत्या बरणींत बुरशी प्रथम दिसली, व ती तेथेंच कां दिसली, हें आपल्या शब्दांत लिहा. पुढच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीं ती वही आईजवळ नेऊन वाचा, आणि शिदोरी बांधण्यास तिला हातभार लावा.