सध्या काय वाचताय?

कोथरूडमध्ये आमचा एक वाचनकट्टा आहे. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सोसायटीच्या सभागृहात सतरंज्या घालून आम्ही बसतो. अध्यक्ष नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. नियम एकच : सध्या जे पुस्तक हातात आहे, त्याविषयीच बोलायचं.

पुण्यात पुस्तकांना तोटा नाही. लोकहितवादींच्या पुढाकारानं १८४८ साली सुरू झालेलं ग्रंथालय आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून उभं आहे. अप्पा बळवंत चौकात दुकानांच्या रांगा आहेत. २०२३पासून डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो आणि लोक पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. तरीही या एवढ्या पुस्तकांतलं ‘माझं’ पुस्तक कोणतं, हे सांगणारं माणूस लागतंच. चांगलं पुस्तक आपल्या पायांनी कुणाच्या घरी जात नाही. एकानं दुसऱ्याला सांगितलं तरच ते जातं. हे सांगणं नीट कसं करावं, याविषयी कट्ट्यानं मला जे शिकवलं ते इथं मांडते.

१. पुस्तक संपायच्या आधी बोला

आमच्यातल्या एक काकू ‘स्मृतिचित्रे’ वाचत होत्या. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याचं त्यांच्या पत्नीला, म्हणजे लेखिका लक्ष्मीबाईंना कळतं, तिथवर त्या आल्या होत्या. पुढं काय होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुस्तक मांडीवर उपडं ठेवून त्या टिळकांवर अक्षरशः रागावल्या : “घरच्या बाईला पत्ता लागू द्यायचा नाही, आणि एवढा मोठा निर्णय घेऊन मोकळं व्हायचं?” सभागृहात वाद पेटला. कुणी टिळकांची बाजू घेतली, कुणी लक्ष्मीबाईंची. घरी निघताना दोघींनी काकूंकडं ‘तुमचं झालं की मला द्या’ म्हणून नंबर लावला.

हेच पुस्तक वाचून संपल्यावर काकू बोलल्या असत्या, तर ‘मराठीतलं एक थोर आत्मचरित्र’ एवढंच म्हणाल्या असत्या. ते खरंच आहे, पण त्यानं कुणाचा हात पुस्तकाकडं जात नाही. पुस्तक संपलं की मतावर इस्त्री फिरते. मध्यावर असताना राग, शंका, उत्सुकता सगळं चुरगळलेलं पण ताजं असतं. तेच बोलून टाकावं.

२. पुस्तकाआधी माणूस बघा

‘मला एखादं चांगलं पुस्तक सांगा’ असं कुणी म्हटलं की आपलं आवडतं नाव तोंडावर येतं. ते जरा थोपवावं आणि आधी विचारावं : शेवटचं कोणतं पुस्तक हातातून खाली ठेववलं नाही? वाचायला वेळ कधी मिळतो, बसमध्ये की झोपण्यापूर्वी? बारीक टाइप चालतो का? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल. पण पडून वाचणाऱ्या सत्तरीच्या आजोबांना जाडजूड ग्रंथ सुचवणं म्हणजे त्यांना वाचनापासून दूर लोटणं.

जळगावकडचा एक मुलगा एमपीएससीच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत राहतो. दिवसभर अभ्यासिका, दोन वेळची मेस, खोलीवर चार जण. अभ्यासाबाहेरचं त्यानं काही वाचलेलं नव्हतं आणि प्रेरणादायी पुस्तकांचा त्याला कंटाळा आला होता. त्याला मी नेमाड्यांची ‘कोसला’ सांगितली. १९६३ची कादंबरी, पण खानदेशातल्या खेड्यातून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, त्याचं होस्टेल, घरून येणारे पैसे, वडिलांशी असलेली तेढ हे सगळं तो मुलगा स्वतः जगत होताच. पुढच्या कट्ट्याला आल्यावर तो पांडुरंगाविषयी आपल्या खोलीतल्या मित्रासारखा बोलत होता. ‘कोसला’ श्रेष्ठ आहे म्हणून मी ती सांगितली नव्हती. ती त्याची होती, म्हणून सांगितली.

३. विशेषणं बाजूला ठेवा, दार दाखवा

‘अप्रतिम’, ‘भन्नाट’, ‘वाचलंच पाहिजे’ या शब्दांतून पुस्तकात काय आहे ते कळत नाही. त्यापेक्षा कुठून शिरायचं ते सांगा. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’चं नाव काढलं की पुष्कळांना दडपण येतं : लेखिका डेक्कन कॉलेजातल्या मोठ्या मानववंशशास्त्रज्ञ, विषय महाभारत, वर १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार. मी म्हणते, पहिल्या पानापासून सुरुवात करायची सक्ती नाही. द्रौपदीवरचा लेख आधी वाचा, मग गांधारी, मग कर्ण. प्रत्येक लेख आपल्या पायावर उभा आहे. ज्या माणसांना आपण लहानपणापासून देव्हाऱ्यात किंवा पडद्यावर पाहिलं, ती इथं हाडामांसाची होऊन भेटतात. एवढं सांगून त्यातलं अर्धं पान मोठ्यानं वाचून दाखवावं. त्या अर्ध्या पानानं जे होतं, ते अर्ध्या तासाच्या स्तुतीनं होत नाही.

४. नावडलं तर कारणासकट सांगा

‘बकवास आहे’ म्हणणं सोपं. पण आपण कुठल्या पानावर थांबलो आणि का थांबलो, हे सांगितलं तर आपली नावडही दुसऱ्याच्या उपयोगी पडते. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ आमच्या एका ताईंनी सुरुवातीलाच मिटली. कारण त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं : “संवादांतली वऱ्हाडी मला झेपत नाही, दर ओळीला अडखळते.” शेजारी बुलडाण्याकडचे एक निवृत्त शिक्षक बसले होते. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, चष्मा पुसला आणि एक संवाद खणखणीत आवाजात वाचला. तेच शब्द, पण त्यांच्या तोंडून आले तेव्हा शेतकऱ्याच्या घरातलं भांडण समोर उभं राहिलं. ताईंनी पुस्तक परत घरी नेलं, आणि शेवटपर्यंत वाचलं.

‘मला आवडलं नाही’ आणि ‘पुस्तक वाईट आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. त्यांची गल्लत केली नाही, तर एकाची अडचण हीच दुसऱ्याची वाट ठरते. आणि बोली अडली, तर मोठ्यानं वाचावं; कानाला ती डोळ्यांपेक्षा लवकर कळते.

५. सगळ्यांना नको, एकालाच सांगा

धारवाडचे जी. ए. कुलकर्णी माणसांच्या गर्दीपासून कायम लांब राहिले. पण सुनीताबाई देशपांडे यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात पुस्तकांवरच्या गप्पांना तोटा नाही. दोन्ही बाजूंची पत्रं आज पुस्तकरूपात वाचायला मिळतात. सुनीताबाईंची ‘प्रिय जी. ए.’ या नावानं. समोर एकच वाचक आहे, त्याची आवड आपल्याला ठाऊक आहे, म्हणून दोघंही सविस्तर आणि मोकळेपणानं लिहितात.

आज मुखपृष्ठाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या दहा ग्रुपवर टाकणं क्षणाचं काम आहे. त्याला अंगठे मिळतात, वाचक क्वचितच मिळतो. तोच फोटो एकाच मैत्रिणीला पाठवा आणि खाली लिहा : ‘तुझ्या आईविषयी तू परवा बोललीस ना, ते यात आहे.’ ती पुस्तक शोधल्याशिवाय राहणार नाही.

६. अनुवादकाचं नाव घ्या

“सध्या भैरप्पा वाचतोय,” असं आपण सहज म्हणतो. मराठी वाचकाच्या हातात असतं ते बहुतेक वेळा उमा कुलकर्णी यांचं मराठी. ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’ अशी कितीतरी कन्नड पुस्तकं या पुण्याच्या अनुवादिकेनं आपल्याकडं आणली. पती विरुपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवत आणि उमाताई ते मराठीत उतरवत, अशी त्यांची पद्धत. एका घरात एकानं दुसऱ्याला वाचून दाखवलं आणि त्यातून साऱ्या महाराष्ट्राला एक मोठा कादंबरीकार मिळाला. ‘सांगण्या’ची ताकद किती, हे याहून वेगळं काय सांगायचं? म्हणून अनुवादित पुस्तक सुचवताना अनुवाद कुणाचा, हे आवर्जून सांगावं. एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद असतील तर कोणता घ्यायचा, तेही.

७. वहीत टिपून ठेवा, कुणी सांगितलं तेही

सतीश काळसेकरांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला २०१३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाचनाच्या नोंदीही साहित्य होऊ शकतात, याची ती पावती. आपली वही तेवढी मोठी नसेल, पण असावी जरूर. माझ्या वहीत पुस्तकाचं नाव, तारीख, अडलेलं किंवा आवडलेलं पान आणि शेवटी ‘कोणी सुचवलं’ असा एक रकाना असतो. हा शेवटचा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कुणाची आवड आपल्याशी जुळते, कुणामुळं आपण नव्या विषयाकडं वळलो, हे त्यात दिसतं. ज्यांनी सुचवलं त्यांना वाचून झाल्यावर एक फोन करावा. त्यांना तो फार काळ पुरतो.

८. कुठं मिळेल, तेही सांगा

नुसतं नाव सांगून मोकळं होऊ नये. प्रत छापात आहे का, किंमत साधारण किती, ग्रंथालयात मिळेल का, हे सांगितलं की अर्धं काम होतं. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११पासून चालू आहे; अशा ठिकाणची वर्गणी एका नव्या पुस्तकाच्या किमतीपुढं काहीच नाही. आपल्याकडं प्रत असेल तर ती सरळ हातात द्यावी. नाशिकहून विनायक रानडे यांनी २००९मध्ये सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना नेमकं हेच करते : शंभर पुस्तकांची पेटी थेट वाचकांच्या गटाकडं पोचवायची. पुस्तक दाराशी आलं की ‘वेळ मिळत नाही’ म्हणणारेही वाचू लागतात.

९. आपलं वाचावं असं वाटत असेल, तर दुसऱ्याचं वाचा

जो नुसताच सुचवतो आणि दुसऱ्याचं कधी वाचत नाही, त्याच्या शब्दाला हळूहळू वजन उरत नाही. हे मुलांच्या बाबतीत फार खरं आहे. आमच्या कट्ट्यावर एका आजींची तक्रार होती की नातू मराठी वाचत नाही. नातवाच्या हातात इंग्रजी जादूच्या गोष्टी होत्या. आजींनी आधी त्याचं ते पुस्तक वाचलं, न कळलेलं त्याला विचारलं. मग त्याच्यापुढं भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ठेवला : फुरसुंगीचा पोरगा, पुण्यातली शाळा, सायकलवरून पाठलाग. आजी आपलं वाचते, तर आपणही तिचं वाचून बघू, असं त्याला वाटलं. आता ती दोघं मिळून कट्ट्यावर येतात, आणि नातू आजींच्या आधी बोलतो.

१०. ‘वाचलंस का?’ असं विचारू नका

पुस्तक सुचवल्यावर आपला जीव त्यात अडकतो आणि भेटेल तिथं आपण विचारतो, “मग, वाचलंस का?” समोरचा ओशाळतो आणि पुढच्या वेळी आपल्याला टाळतो. त्याऐवजी “कुठवर आलास?” असं विचारावं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही. तिथं बोलणं संपतं. दुसऱ्याचं उत्तर काहीही असू शकतं : तिसऱ्या प्रकरणात अडकलोय, नायक पटत नाहीये, आईनंच पळवलं. आणि ‘अजून उघडलं नाही’ हे उत्तरही मनापासून स्वीकारावं. पुस्तकं थांबू शकतात. माणूस आणि पुस्तक यांची वेळ जुळायला कधी कधी वर्षं लागतात, आणि ती जुळते तेव्हा सांगणाऱ्याची आठवण हमखास निघते.

वाचक घडवणं हे काम ग्रंथालयांचं, शाळांचं, प्रकाशकांचं आहे. पण आपलंही आहे. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही, व्यासपीठ लागत नाही. सध्या वाचताय ते पुस्तक, त्यातलं एक पान आणि ज्याला ते भावेल असं एक माणूस, एवढं पुरतं. या आठवड्यात त्या माणसाला फोन करा आणि ते पान वाचून दाखवा.